माणूस बांधायचा पट्टा

११ ऑगस्ट १९९५, शुक्रवार

आज दुपारी गाळ्याच्या दारात एक उंच माणूस येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, माणूस बांधायचा पट्टा मिळेल का?"

मशीनखालचा दप्तराचा पट्टा माझ्या हातून वाकडा शिवला गेला. अंधेरीची टायपिस्टची नोकरी सोडून भाईंदरच्या नवघरला हा गाळा घेतला तेव्हापासून मी दप्तरं शिवली, डब्याच्या पिशव्या शिवल्या, एका शेटजींच्या अल्सेशियनला गळ्यातला पट्टासुद्धा शिवून दिला. माणसासाठी कोणी मागितला नव्हता.

"कोणाला बांधायचंय?" मी विचारलं. म्हटलं, आधी पोलीस बोलवायचे की डॉक्टर, ते तरी ठरवता येईल.

"मलाच," तो म्हणाला. चेहरा इतका सरळ, की मला हसू आवरेना. मग तोही हसला.

नाव जितेंद्र. उत्तनचा, कोळीवाड्यातला. त्याचे वडील काशीनाथ सहा वर्षांपूर्वी भाड्याच्या ट्रॅक्टरनं वाळूत रुतलेली होडी ओढत होते. होडी हलेना, ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलली गेली आणि ट्रॅक्टर मागे उलटला, त्यांच्या अंगावर. जागीच गेले. हे सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता. आता त्यानं स्वतःचा छोटा लाल ट्रॅक्टर घेतलाय, होड्या वर ओढायला, बर्फ आणायला. पण त्याची आई हौसाबाई, तिनं ट्रॅक्टर दारात आला त्याच दिवशी किल्ली काढून घेतली आणि कमरेला खोचली. ती म्हणते, माणूस जिवंत उतरेल अशी सोय दाखव, मग किल्ली माग. नव्या गाड्यांमध्ये पट्टे यायला लागलेत, ते बघून याच्या डोक्यात आलं. दिवाळीपर्यंत जमलं नाही तर मामानं जहाजावर नोकरी बघून ठेवली आहे. वर्षातले नऊ महिने बाहेर.

मी म्हटलं, "होईल की! त्यात काय!" माझा स्वभावच मेला असा. आधी हो, मग डोकं.

कमरेचं माप दोनदा घ्यावं लागलं. पहिल्यांदा आकडाच विसरले.

१५ ऑगस्ट, मंगळवार

सुट्टी होती म्हणून एसटीनं उत्तनला जाऊन आले. हौसाबाई ओट्यावर जाळं विणत बसल्या होत्या. ठसठशीत कुंकवाची जागा मोकळी, नाकात मोठी चमकी, आणि कमरेला ती किल्ली. मी नमस्कार केला. त्यांनी मला वरून खाली बघितलं, मग खालून वर.

"तू पट्टेवाली काय गो? कुत्र्यांचं पट्टे शिवतेस नं?"

जितेंद्रनं हेही घरी सांगितलं होतं! मी त्याच्याकडे डोळे वटारले, तो ट्रॅक्टरच्या ताडपत्रीमागे गेला.

"ऐक," हौसाबाई म्हणाल्या. "पट्ट्यानं पोराला धरून ठेवला पायजे. पन सोडायची येल आली का एका हातानं, डोलं मिटून सुटला पायजे. आन खाऱ्या पान्यानं सडायचा न्हाय. या तीन गोष्टी मना दाखव. नुसतं गोड बोलून किल्ली न्हाय मिलाची."

"दाखवते, मावशी," मी म्हटलं.

"बगू," त्या म्हणाल्या आणि पुन्हा जाळ्याकडे वळल्या. निघताना सुकटीची पुडी मात्र हातात कोंबली. घरी आई खूश. म्हणाली, अशी गिऱ्हाइकं आणत जा.

२० ऑगस्ट, रविवार

आज मी बटाट्यांचे खून केले.

झालं असं, शेजारच्या गाळ्यातले जयकुमारभाई, स्टीलची भांडी करतात ते, माझा नमुन्याचा पट्टा बघून म्हणाले, "बेन, पट्टा तो एकदम सरस! लेकिन ट्रॅक्टर उलटा हो गया तो? आदमी बंधा हुआ, ऊपर ट्रॅक्टर. भागेगा कैसे?"

मी हातातली कात्री खाली ठेवली. म्हणजे मी जितेंद्रला त्याच्या वडिलांसारखंच मरायला बांधून देणार होते, तेही डबल शिलाई मारून.

मग घरी शेजारच्या लहानग्या पूर्वीकडून तिचा खेळण्यातला ट्रॅक्टर मागून आणला, त्यावर दोऱ्यानं बटाटा बांधला आणि टेबलावरून उलटा आपटला. बटाटा फुटला. मग तारेची कमान वाकवून ड्रायव्हरच्या डोक्यावर बसवली आणि दुसरा बटाटा न बांधता ठेवला. ट्रॅक्टर उलटला, बटाटा कमानीतून बाहेर उडाला आणि त्याच कमानीखाली चिरडला. मग तिसरा बटाटा, कमानही आणि पट्टाही. उलटला, आपटला, चाकं वर, आणि आमचा बटाटा कमानीच्या आत लटकलेला, अंगावर ओरखडा नाही!

मी "जगला, जगला!" म्हणून ओरडले. पूर्वी टाळ्या वाजवायला लागली. आई स्वयंपाकघरातून धावत आली आणि म्हणाली, "कोण जगला? आणि माझे बटाटे कुठे आहेत?"

म्हणजे नुसता पट्टा नको, नुसती कमान नको. दोन्ही एकत्र. जयकुमारभाई जाड पाइपची कमान करून द्यायला तयार झाले, बकलही तेच करणार, भांड्यांच्या स्टीलमधून. रात्री दोन बटाट्यांची भाजी झाली. तिसरा मी ठेवून दिलाय. त्याला मी मनातल्या मनात जितेंद्र म्हणते, पण ते फक्त नमुना म्हणून.

३ सप्टेंबर, रविवार

आमच्या गणपतीच्या दर्शनाच्या निमित्तानं बोरिवलीचं एक स्थळ येऊन गेलं. नीरज नाव, बँकेत आहे, नवी गाडी आहे, दात चांगले आहेत. आईनं मला आधी काही सांगितलंच नव्हतं. मी ट्रॅक्टरची सीट घरी आणून हॉलमध्ये ठेवली होती, पट्टा बसवून बघायला. नीरज नेमका तिच्यावर जाऊन बसला.

आता असा आयता माणूस समोर बसल्यावर कोण सोडेल? मी म्हटलं, "दोन मिनिटं हं," आणि खटकन पट्टा लावला.

पट्टा बसला झकास. पण त्याला सोडता येईना. बटण कुठे आहे हेच सापडेना. बिचाऱ्यानं बांधलेल्या अवस्थेत दोन मोदक खाल्ले आणि मला विचारलं, "तुमच्या आवडीनिवडी काय?"

मी म्हटलं, "नायलॉन."

आईनं कपाळाला हात लावला. मला मात्र मोठा धडा मिळाला. घाबरलेल्या माणसाला बटण शोधत बसायला लागता कामा नये. आता बटण मोठं करायचं आणि लालभडक रंगवायचं. त्या लोकांचा नकार येईल असं आई म्हणते. मला वाईट वाटायला हवं, पण लाल रंग आणायला जायचं होतं. जितेंद्रला सांगितलं तेव्हा तो पोट धरधरून हसला आणि मग त्यानं एकदम विचारलं, "मुलगा चांगला होता?" मी म्हटलं, "उंचीला कमी होता, पट्टा फार आत घ्यावा लागला."

२१ सप्टेंबर, गुरुवार

आज सगळं भाईंदर वेडं झालंय. गणपती दूध पितो म्हणे! गोडदेवपासून स्टेशनपर्यंत देवळांसमोर रांगा, दुधाची पिशवी कुठे मिळेना. आई दोन तास रांगेत उभी राहिली, बाप्पाला चमच्यानं दूध पाजून आली आणि उरलेलं माझ्या शिलाई मशीनवरच्या गणपतीच्या चित्राला पाजलं. ते सगळं मोटरमध्ये गेलं. आई म्हणाली, "बघ, प्यायला!" मशीन दुपारभर बंद.

जितेंद्र आला तेव्हा मी मोटर पुसत होते. त्यानं तीन आठवडे खुंटाला बांधून समुद्रात भिजत ठेवलेले नमुने आणले होते. सुती नवार हातानं ओढली तर फाटली. नायलॉन जसंच्या तसं. लोखंडी बकल गंजून मिटलं ते मिटलंच, पण जयकुमारभाईंचं स्टीलचं बकल नुकतं घासलेल्या ताटासारखं लखलखीत! हौसाबाईंच्या तीन गोष्टींपैकी एक झाली. मी आनंदानं जितेंद्रच्या हातावर टाळी दिली.

मग तो म्हणाला, जहाजाचं पत्र आलंय. नोव्हेंबरात जायचं.

मला इतका राग आला की काय सांगू. "मग मी कशाला मरमर मरतेय?" असं ओरडले त्याच्यावर. तो म्हणाला, "आईनं किल्ली दिली तर कशाला जाईन?" आणि निमूट निघून गेला. नंतर माझं मलाच नवल वाटलं. माझं काय जातंय? गिऱ्हाईक तुटलं की कुठल्याही धंदेवाल्याला वाईट वाटतंच. जेवण मात्र गेलं नाही.

२४ सप्टेंबर, रविवार

मी ट्रॅक्टर चालवला! मी! लहानपणी परळला असताना सायकलसुद्धा आली नव्हती!

हौसाबाईंनी नवीनच फर्मान काढलं. "माज्या पोराला बांधाया निगालीस, आदी सोता बस. तुजा पट्टा, तुजी परीक्षा." पोराला किल्ली नाही, मला मात्र आहे, तेही शिकण्यापुरती आणि त्यांच्या नजरेसमोर. दसऱ्यानंतरच्या रविवारी मी पट्टा लावून, कमानीखाली बसून, वाळूतून एक होडी वर ओढून दाखवायची. सगळं जमलं तर किल्ली जितेंद्रची.

सीट एकच, त्यामुळे जितेंद्र बाजूनं चालत शिकवणार. मैदानात मी पहिल्या गिअरमध्ये आणि तो शेजारून धावत. "क्लच हळू सोडा मॅडम! हळू! अहो, हळू म्हणजे सावकाश, बंद नाही!" दोनदा बंद पडला, एकदा आम्ही कोणाच्या तरी वाळत घातलेल्या जाळ्यावरून गेलो. सगळ्यात महत्त्वाचं त्यानं दहा वेळा घोकून घेतलं. होडी अडली तर जोर करायचा नाही, क्लच दाबायचा. दोर कायम खालच्या हुकाला, वरच्याला कधीच नाही, नाहीतर पुढची चाकं उचलली जातात. आणि काहीही झालं तरी आधी इंजिन बंद.

हे सांगताना त्याचा आवाज बदलतो. मग मला त्याच्या वडिलांची आठवण येते, ज्यांना मी कधी पाहिलंही नाही, आणि पाय क्लचवरून उचलावासा वाटत नाही.

परत येताना एसटीत मी एकटीच हसत होते. एक बाई सरकून बसल्या.

३ ऑक्टोबर, मंगळवार, दसरा

परीक्षेचा खास पट्टा तयार! नवं नायलॉन, चौकटीत फुली अशी शिलाई, टोकाला लाल बटणाचं बकल. आवाज तर असा खणखणीत की लावत-काढतच बसावंसं वाटतं.

आज गाळ्यात मशीनची पूजा केली. झेंडू, आंब्याचं डहाळं, सगळं. आईनं मशीनपेक्षा पट्ट्याचीच पूजा मन लावून केली. बकलाला हळद लावली, कुंकू लावलं, वरून अक्षता वाहिल्या, नारळ फोडला तेव्हा त्याचं पाणीही शिंपडलं. म्हणाली, "याच्यावर एका आईचा लेक बसणार आहे, पूजा वरवरची नको." बकलाच्या खाचेतही तिनं बोटानं चांगल्या चार अक्षता सारल्या. मला अगदी भरून आलं. मग लाल फडक्यात बांधून देवापाशी ठेवला आणि बजावलं, "रविवारपर्यंत हात लावायचा नाही. पूजलेली वस्तू उघडून बघत नाहीत."

मी म्हटलं, बरं. एवढं देवाचं बळ पाठीशी असल्यावर तपासायचंय काय!

जितेंद्र सोनं द्यायला आला होता. आपट्याचं पान माझ्या हातावर ठेवून बराच वेळ तसाच उभा राहिला. बहुतेक त्याला पट्टा बघायचा होता. मी सांगितलं, रविवारीच दिसेल.

८ ऑक्टोबर, रविवार, कोजागिरी

केसांतली वाळू अजून निघाली नाही, पण आजचं आजच लिहून ठेवते.

सकाळी किनाऱ्यावर निम्मा कोळीवाडा जमला होता. जयकुमारभाई कमान बघायला आले होते. आई मागच्या एसटीनं येणार होती. पौर्णिमा म्हणजे समुद्राला उधाण, भरती जोरात चढत होती, म्हणून हौसाबाई म्हणाल्या, लवकर आटपा.

लाल फडकं सोडलं, पट्टा सीटला बोल्ट लावून घट्ट केला, बसले, बकल लावलं. आवाज जरा दबका आला. म्हटलं, समुद्राच्या वाऱ्यात असा येत असेल. दोर खालच्या हुकाला, क्लच हळू, आणि होडी सुळकन हलली! लोक ओरडले. मी वीस-पंचवीस हात गेले असेन. आनंदाच्या भरात मागे वळून जितेंद्रकडे बघितलं, तेवढ्यात डावं चाक ओल्या खड्ड्यात गेलं आणि ट्रॅक्टर सावकाश, अगदी सावकाश, कुशीवर झोपला.

इंजिन बंद केलं. ते बरोबर केलं! कमान वाळूत रुतली आणि ट्रॅक्टर तिथेच थांबला. मी पट्ट्यात आडवी लटकलेली, तिसऱ्या बटाट्यासारखी. कुठे खरचटलंही नाही. मी ओरडले, "धरलं! मावशी, धरलं बघा!" आणि ऐटीत लाल बटण दाबलं.

काही नाही.

पुन्हा दाबलं. दोन्ही हातांनी दाबलं. बटण ढिम्म हलेना. आणि पहिली लाट येऊन माझ्या कानाशी फुटली.

जितेंद्र धावत आला, वाळूत गुडघ्यावर बसला, एका हातानं माझं डोकं वर धरलं आणि दुसऱ्या हातानं बटण दाबायला लागला. "रसिका, घाबरू नकोस." मॅडम कुठे गेली कोण जाणे! मी म्हटलं, "मी नाही घाबरत, तुझाच चेहरा पांढरा पडलाय." कोणीतरी दिलेल्या बोथट सुरीनं कापायला गेला तर सुरी घसरली. एवढं चिवट नायलॉन मी कशाला घेतलं, असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. पाणी माझ्या खांद्यापर्यंत आलं.

तो म्हणाला, "मी जहाजावर जाणार नाहीये. किल्ली मिळो न मिळो. ऐकतेस ना?"

"नाहीच जायचंस," मी म्हटलं. खारं पाणी तोंडात गेलं तरी पुन्हा म्हटलं, "अजिबात जायचं नाहीस."

तेवढ्यात हौसाबाईंचा आवाज आला. "पट्टा ऱ्हाऊ दे! समदा ट्रॅक्टरच उबा करा!" कमानीला दोर पडले, सगळा कोळीवाडा दोराला लागला, होडी ओढतात तसा एका सुरात जोर केला, आणि ट्रॅक्टर माझ्यासकट चार चाकांवर उभा राहिला. मग तसाच ढकलत ढकलत कोरड्या वाळूत नेला. मी राणीसारखी सीटवर, बांधलेली, निथळत, आणि पुढे-मागे चाळीस माणसं!

तेव्हाच आई एसटीतून उतरून हातात नारळ घेऊन आली. म्हणाली, "अगंबाई, झाली का परीक्षा? आणि तू आंघोळ का केलीस?"

जयकुमारभाईंनी माझ्याच केसांतली पिन मागून घेतली आणि बकलाच्या खाचेत फिरवली. आतून काय निघालं? हळदीकुंकवाचा लगदा, आणि त्यात फुगून बसलेले तांदळाचे दाणे. पाच दिवस नारळपाणी पिऊन त्यांनी बटणाची पार कोंडी केली होती.

आई मटकन वाळूत बसली. "मीच सारले गं. आतपर्यंत आशीर्वाद जावा म्हणून." आणि रडायलाच लागली.

खटकन बकल सुटलं. हौसाबाईंनी एक दाणा तळहातावर घेतला, माझ्याकडे बघितलं, मग जितेंद्रकडे. त्यानं माझं डोकं अजून धरलेलंच होतं. मी सरळ बसले होते, पाणी कधीच मागे राहिलं होतं, तरी धरलेलं होतं!

"अक्षता पडल्या," हौसाबाई म्हणाल्या, "पन जागा चुकली."

सगळा किनारा हसला. आईसुद्धा रडता रडता हसली. मला तेव्हा कळलंच नाही कशाला हसतात ते. आत्ता, मसाला दुधाचा पेला तसाच गार होऊन समोर पडलाय आणि मला एकदम कळलंय. अगं बाई! दोन महिने मी कुणाची मापं घेत होते? बटाट्याला कुणाचं नाव ठेवलं होतं? सगळ्या भाईंदरला कळलं असेल, मशीनवरच्या गणपतीला कळलं असेल, एक मीच ठोंबी!

पण किल्ली मिळाली नाही. निघताना हौसाबाईंनी ती पुन्हा कमरेला खोचली. "धरलं बराबर. सोडलं न्हाय. आर्धी पास."

११ ऑक्टोबर, बुधवार

तीन दिवस गिऱ्हाइकांना परत पाठवतेय. बकलावर रबराची टोपी बसवली, बटण वरून दाबता येईल पण आत कण जाणार नाही अशी. खाचेला आतून झडप, खालच्या बाजूला भोक, चुकून काही गेलंच तर निघून जायला. जयकुमारभाई म्हणाले, "बेन, अब तो इसमें शक भी नहीं घुसेगा." त्यांचं ठीक आहे. मी त्यात वाळू घातली, पीठ घातलं, आमटी ओतली. पूजलेली वस्तू न तपासता कोणाच्या कमरेला बांधायची नाही, ही शपथ मी देवासमोरच घेतली. आई म्हणाली, देवाला राग नाही येणार, त्यालाही लटकलेली सून-लेक बघवली नसती. सून हा शब्द तिनं मुद्दाम घातला. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

जितेंद्र रोज येतो. पट्टा बघायला. मी पण पट्टाच दाखवते. दोघांनाही माहीत आहे आणि दोघंही पट्ट्याबद्दलच बोलतो. काय मजा येते म्हणून सांगू!

१५ ऑक्टोबर, रविवार

या वेळी हौसाबाई स्वतः ट्रॅक्टरवर चढल्या.

लुगडं सावरून सीटवर बसल्या, स्वतःच बकल लावलं. मग म्हणाल्या, "टाक पानी." मी बादलीभर समुद्राचं पाणी बकलावर ओतलं. "वालू टाक." वाळू टाकली. मग त्यांनी कनवटीची पुडी सोडली, त्यात मूठभर तांदूळ, कुंकू कालवलेले. माझ्या आईकडे बघत सगळे बकलावर ओतले आणि वरून बोटानं चांगले चोळले. आई ओशाळली.

डोळे मिटले. डावा हात उचलला, बटणावर ठेवला.

खट. सुटलं.

पुन्हा लावलं. पुन्हा डोळे मिटले. खट. असं त्या किती तरी वेळा करत राहिल्या. मग सुटलेला पट्टा मांडीवर घेऊन नुसत्या बसून राहिल्या. समोर समुद्र होता, डाव्या हाताला तो उतार, जिथे काशीनाथ गेले.

"एवडंच पायजे व्हतं गो," त्या म्हणाल्या. "एक कमान आन हातभर पट्टा. एवडंच."

मला रडू फुटलं. मी चढून त्यांना मिठीच मारली. त्यांच्या अंगाला जाळ्याचा आणि समुद्राचा वास येत होता. त्यांनी माझ्या पाठीवर दोन धपाटे घातले, मग कमरेची किल्ली सोडली. जितेंद्रनं हात पुढे केला.

हौसाबाईंनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि वरून माझी मूठ मिटली.

"तुज्याकडं ठेव. सकाली पट्टा लावल तेवाच याला द्याची. रोज."

"मावशी, मी रोज सकाळी नवघरहून कशी येणार?" मी विचारलं. बोलून गेले आणि मग कळलं आपण काय विचारलंय.

"तेच बोलाया तुजी आय आन मी चा घेऊन बसतंव," त्या म्हणाल्या आणि खाली उतरल्या.

२६ नोव्हेंबर, रविवार

आज लिहायला अजिबात वेळ नाही, हातावर मेंदी, हिरवा चुडा कोपरापर्यंत, तरी लिहिते.

लग्न लागलं. आईनं अक्षतांचं ताट स्वतःच्या ताब्यात ठेवलं होतं आणि प्रत्येकाला बजावत होती, "वधूवरांच्या डोक्यावर टाका हं, दुसरीकडे कुठे नको!" जयकुमारभाईंनी आहेर म्हणून ट्रॅक्टरची कमान रुंद करून दिली आणि तिच्याखाली दुसरी सीट बसवली. तिचा पट्टा माझा मी शिवला. हिरवा. नमुन्याला दुसऱ्या कुणाची गरज पडली नाही.

वरात त्याच लाल ट्रॅक्टरवरून निघाली. कमानीला झेंडूच्या माळा, पुढे बँड. मी किल्ली जितेंद्रला देण्याआधी म्हटलं, "पट्टा?" त्यानं लावला. त्यानं मला म्हटलं, "तुझा?" मी लावला.

आणि मग काय! पाठवणीला जमलेल्या सगळ्यांच्या हातात उरलेल्या अक्षता. चहूकडून तांदळाचा नुसता मारा सुरू झाला, डोक्यावर, मांडीवर, सीटवर. मी हसत डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा हौसाबाई ट्रॅक्टरला लागून उभ्या होत्या. त्यांच्या नव्या लुगड्यावर, केसांवर अक्षता पडत होत्या आणि त्यांचे दोन्ही हात आमच्या दोन बकलांवर पालथे, घट्ट झाकून धरलेले.

"आई, टोपी आहे त्याच्यावर," मी म्हटलं. "आत काही जात नाही."

"ठाऊक हाय मना," त्या म्हणाल्या, पण शेवटची अक्षता पडेपर्यंत त्यांनी हात काढले नाहीत. मग एकेक बकल सोडून बघितलं, एकेक पुन्हा लावलं, पोराच्या गालावरून हात फिरवला आणि दोन पावलं मागं सरल्या.

"हां," म्हणाल्या. "आता कर चालू."